रबर कमी करत नेलेला पत्रा

टायरच्या भुकटीपासून छपराचा पत्रा करतोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "त्यात टायर किती टक्के?" आकडा मोठा असेल तर भुवया उंचावतात, लहान असेल तर चेहरा पडतो. आमच्या पत्र्यातला हा आकडा जवळजवळ प्रत्येक चाचणीनंतर खाली आला. सुरुवातीच्या नमुन्यांत निम्म्याहून जास्त रबर होतं. आज वरच्या थरात टायरचं रबर औषधालाही नाही आणि आतल्या थरात ते साधारण सहावा हिस्सा आहे. तरी मला हाच पत्रा जास्त आवडतो. तो इथवर कसा आला ते सांगतो.

कामाचं मूळ ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यात आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालून पातळ, मजबूत पत्रे काढायची रीत बसवली आणि ते पत्रे जगभर चढले. गंजत नाहीत, कुजत नाहीत, स्वस्त पडतात. पण कापताना, भोक पाडताना, किंवा जुने होऊन वरचं सिमेंट झिजलं की त्यातले तंतू हवेत येतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलेले आहेत. दुसरा धोका कमी बोलला जातो. हा पत्रा ठिसूळ असतो, दुरुस्तीला वर गेलेल्या माणसाचा पाय पडला की तो फुटतो आणि माणूस थेट खाली येतो.

रबर आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणात हे दोन्ही धोके नाहीत. पण जुन्या पत्र्याचा एक गुण होता, तो पेटत नव्हता. आम्ही हातात घेतलेलं सगळं पेटणारं. एक किलो पॉलिथिलीन जळताना ४३ ते ४६ मेगाज्यूल उष्णता देतं, म्हणजे जवळपास डिझेलइतकी. टायरचं रबर ३० मेगाज्यूलच्या पुढे, चांगल्या दगडी कोळशाच्या बरोबरीने. म्हणजे माणसाच्या फुप्फुसातला धोका काढून तो त्याच्या डोक्यावर इंधनाच्या रूपाने ठेवण्यातली गत. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं की आगीची चाचणी शेवटी घ्यायची नाही. प्रत्येक नवीन मिश्रण आधी ज्योतीखाली जाईल, मग ताणयंत्रावर.

कच्च्या मालाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण निम्मी सुरक्षितता तिथेच ठरते. प्लॅस्टिकचा भंगार माल येतो तो सरमिसळ येतो. आम्ही त्याचे तुकडे करून पाण्याच्या टाकीत टाकतो. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, ते तरंगतात. बाटल्यांचं पेट आणि पीव्हीसी बुडतं. पीव्हीसी आम्हाला चुकूनसुद्धा नको, कारण यंत्रातल्या उष्णतेलाच ते हायड्रोजन क्लोराइड सोडायला लागतं. त्याने डाय, म्हणजे वितळलेल्या मालाला पत्र्याचा आकार देणारं यंत्राचं तोंड, गंजते आणि श्वास कोंडतो. जुन्या टीव्हीच्या, संगणकाच्या काळ्या खोक्यांचं प्लॅस्टिकही नको. त्यात पूर्वी ब्रोमीनवाली ज्वालारोधकं घालत, आणि त्यांतल्या डेकाबीडीई या संयुगावर २०१७ साली स्टॉकहोम कराराखाली, म्हणजे टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, बंदी आली. हेच प्लॅस्टिक पुन्हा पत्र्यात गेलं तर विष नव्या नावाने घरावर चढतं. सुदैवाने तेही पाण्यात बुडतं. एवढी साधी टाकी इतकं काम करते की आमच्याकडच्या महागड्या उपकरणांपेक्षा मला तिचा जास्त विश्वास वाटतो.

टायरची भुकटी दोन प्रकारची मिळते. एक साध्या तापमानाला दळलेली, दुसरी द्रव नायट्रोजनने गोठवून फोडलेली. गोठवलेली भुकटी दिसायला देखणी, पण तिचे कण काच फुटावी तसे गुळगुळीत असतात आणि प्लॅस्टिक त्यांना नीट धरत नाही. साधी दळलेली भुकटी ओबडधोबड, खरबरीत. आम्हाला तीच हवी होती. चाळून अर्ध्या मिलिमीटरच्या आतली घ्यायची, चुंबकावरून नेऊन तारेचे बारीक तुकडे काढायचे आणि कापसासारखा दिसणारा टायरमधला कापडी धागा वाऱ्याने उडवायचा. तो धागा राहिला तर डायच्या ओठावर गोळा होतो आणि पत्र्यावर लांबलचक ओरखडे उठतात.

मिश्रणाची खरी अडचण अशी की टायरचं रबर वितळत नाही. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने गंधकाने रबर पक्कं करायची क्लृप्ती शोधली, तिचंच हे दुसरं टोक. गंधकाच्या पुलांनी साखळ्या एकमेकींना जखडलेल्या, त्या पुन्हा सुट्या व्हायला तयार नसतात. जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे माल तापवून, घुसळून डायमधून ढकलणाऱ्या यंत्रात, प्लॅस्टिक वितळतं आणि रबराचे कण त्यात नुसते वाहत राहतात. सुरुवातीच्या जास्त रबराच्या पट्ट्या हाताने वाकवल्या तर छान वाकायच्या, पण ताणल्या की पटकन तुटायच्या. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं की कारण दिसायचं. एका बाजूला रबराचा काळा कण जसाच्या तसा उभा, समोरच्या बाजूला त्याच मापाचा स्वच्छ खड्डा. कणाला प्लॅस्टिकचा एक धागाही चिकटलेला नाही.

त्यावर उपाय म्हणून रबर आणि प्लॅस्टिकला एकमेकांशी धरून ठेवणारं, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिलीन थोडं घातलं, सोबत ईव्हीए हे मऊ प्लॅस्टिक घेतलं आणि स्क्रूमधली घुसळण वाढवली. घुसळणीने रबराच्या पृष्ठभागावरचे गंधकाचे काही पूल तुटतात आणि कण थोडा चिकट होतो. नंतरच्या तुकड्यांत खड्डे कमी दिसायला लागले, कणांवर प्लॅस्टिकचे ओढलेले तंतू दिसले. पण घुसळण वाढली की उष्णता वाढते आणि तापलेलं रबर वास सोडतं. सडक्या अंड्याचा, गंधकाचा. एक्स्ट्रुडरवरचे आमचे ज्येष्ठ सहकारी पॅनलकडे न बघता नुसत्या वासावरून सांगायचे, "साहेब, दोनशेच्या वर गेलंय बघा." आणि वितळलेल्या मालात तापमापक खुपसला की ते बरोबर असायचे. बॅरलवर, म्हणजे स्क्रूभोवतीच्या नळीवर, १७० लावलेलं, आत मात्र दोनशेच्या पुढे. छप्पर सुरक्षित करायचं तर ते बनवणारा माणूसही त्यात धरायला हवा, म्हणून धूर ओढणारा हूड आधी बसवला, पुढच्या फेऱ्या मग.

आता आग. रोजच्या कामाची चाचणी साधी आहे. १२५ मिलिमीटर लांब, १३ मिलिमीटर रुंद पट्टी उभी टांगायची, खालून २० मिलिमीटरची ज्योत १० सेकंद लावायची, काढायची, विझली की पुन्हा १० सेकंद. पट्टीखाली कापूस ठेवलेला असतो. पट्टी किती वेळ जळत राहते हे मोजायचं आणि पेटता थेंब पडून कापूस पेटतो का ते बघायचं. आमच्या पहिल्या पट्ट्या पेटल्या त्या मेणबत्तीच्या थाटात, आणि ठिबकायला लागल्या. प्रत्येक थेंब पडताना बारीक फुर्र आवाज करत जळत यायचा आणि कापूस क्षणात जायचा. छपराच्या बाबतीत या थेंबांचा अर्थ सरळ आहे. खाली झोपलेल्या माणसावर पेटतं प्लॅस्टिक पडणार. गंमत म्हणजे रबर जास्त असलेल्या पट्ट्या कमी ठिबकायच्या, कारण रबर वितळत नाही. पण धूर एवढा काळा द्यायच्या की मागची पट्टी दिसायची नाही. कारच्या टायरमध्ये स्टायरीनवालं कृत्रिम रबर बरंच असतं, त्यातल्या बेंझिनच्या कड्यांची ही काजळी. आगीत माणसं भाजून मरतात त्याहून जास्त धुराने मरतात, त्यामुळे कमी ठिबकण्याचं कौतुक तिथेच संपलं.

ब्रोमीनची संयुगं घातली असती तर ही चाचणी थोडक्या मालात पास झाली असती. ती आम्ही विचारातच घेतली नाहीत. ती ज्योत दाबतात, पण धूर आणि त्यातला आम्ल वायू वाढवतात, आणि वीस वर्षांनी हा पत्रा भंगारात निघेल तेव्हा पुढच्या माणसाच्या टाकीत तेच विष बुडालेलं असेल. उरले खनिजाचे मार्ग. ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट, आमच्या भाषेत एटीएच. पांढरी, बिनवासाची भुकटी. तिच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी असतं. दोनशे अंशांच्या आसपास ती हे पाणी सोडायला लागते, सोडताना उष्णता शोषते, वाफेने ज्वलनशील वायू पातळ होतात आणि मागे ॲल्युमिनाचा थर राहतो. धूरही घटतो. फक्त एक गोष्ट, ती चिमूटभर घालून भागत नाही. वजनाने ६० टक्क्यांच्या आसपास घालावी लागते, आणि ती जड असल्यामुळे आकारमानाने हे ३७ टक्क्यांच्या जवळ जातं. म्हणजे पत्र्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग दगडाचा. रबराच्या टक्केवारीला पहिली मोठी कात्री इथे लागली.

आणि मग बुडबुडे. एटीएच घातलेला पहिला पत्रा डायमधून बाहेर आला तो फुगलेला. आडवा कापला तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी. भुकटीत ओल राहिली असेल म्हणून ती ओव्हनमध्ये वाळवली. जाळी बारीक झाली, गेली नाही. कारण तेच, बॅरलवरचा आकडा आणि आतलं तापमान यांतली तफावत. रबराच्या कणांनी मिश्रण घट्ट होतं, घट्ट मिश्रण घुसळलं की स्वतःच तापतं, आणि आगीच्या वेळी सोडायचं पाणी एटीएच यंत्रातच सोडून बसतं. पॉलिप्रॉपिलीन तर पॉलिथिलीनहून वरच्या तापमानाला वितळतं, त्यामुळे ते या मिश्रणातून काढूनच टाकलं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वापरता आलं असतं, ते ३०० अंशांपुढे पाणी सोडतं, पण आम्ही पॉलिथिलीन आणि ईव्हीएवर राहिलो, स्क्रूची घडण मवाळ केली, फेरे कमी केले, व्हॅक्यूमची वाट उघडली. आणि रबर पुन्हा कमी केलं. जाळी गेली.

एवढा दगड भरलेला पत्रा अर्थातच कडक झाला. वाकवला की पांढरी रेघ उठायची आणि त्याच रेषेत तडा. इथे मात्र रबराने स्वतःची जागा कमावली. छपराचा पत्रा पायाखाली फुटतो का हे बघण्यासाठी ४५ किलोचं पोतं १.२ मीटर उंचीवरून त्यावर टाकायची एक रीत आहे. रबर अजिबात नसलेला पत्रा या पोत्याने आरपार फोडला. रबर जास्त असलेला लवला आणि आधाराच्या पट्ट्यांमधून निसटला. मधल्या प्रमाणात, म्हणजे सहाव्या हिश्श्याच्या आसपास, पत्रा खोल दबला, एका कडेला फाटला, पण पोतं त्याने धरून ठेवलं. तडा रबराच्या कणापाशी येतो, तिथे त्याची धार बोथट होते आणि त्याची ऊर्जा संपते. रबराचं काम हे आहे. जागा भरायला ते वापरायचं नाही, एवढं त्या पोत्याने ठरवून दिलं.

मोठ्या आगीचा अंदाज कोन कॅलरीमीटरवर येतो. १९८२ साली व्हायटेनिस बाब्राउस्कस यांनी बसवलेलं हे यंत्र. १०० बाय १०० मिलिमीटरचा तुकडा, वर शंकूच्या आकाराचा तापलेला हीटर, आणि नळीतून जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन किती कमी झाला याचं मोजमाप. बहुतेक सेंद्रिय पदार्थ जळताना खर्च झालेल्या दर किलो ऑक्सिजनमागे सुमारे १३.१ मेगाज्यूल उष्णता देतात, म्हणून ऑक्सिजन मोजला की आग मोजली गेली. नुसत्या प्लॅस्टिकचा आलेख सुळक्यासारखा चढतो. आमच्या मिश्रणाचा आलेख थोडा उठून सपाट पसरला. मला हा आलेख ऑक्सिजन निर्देशांकापेक्षा जास्त पटतो. तो निर्देशांक म्हणजे पट्टी जळत राहायला हवेत किती टक्के ऑक्सिजन लागतो त्याचा आकडा. पॉलिथिलीनचा १८ च्या आत, हवेत ऑक्सिजन २१, म्हणून ते पेटतं. आकडा २८ च्या पुढे नेला की जाहिरातीत छापायला छान दिसतो. पण तो थंड खोलीतल्या एका बारीक पट्टीचा आकडा आहे. शेजारचं घर पेटलेलं असताना छपराचं काय होईल ते त्यातून कळत नाही.

ऊन हा वेगळाच शत्रू निघाला. माझा समज होता की टायरमध्ये मुद्दाम मिसळलेली काजळी (कार्बन ब्लॅक) असते, काजळी अतिनील किरण अडवते, म्हणजे आपला पत्रा आपोआप टिकेल. ऊन-पावसाची नक्कल करणाऱ्या झेनॉन दिव्याच्या पेटीत, १०२ मिनिटं कोरडा उजेड आणि १८ मिनिटं पाण्याचे फवारे अशा चक्रात ठेवलेल्या तुकड्यांचा वरचा पापुद्रा खडूसारखा बोटाला यायला लागला. टायरमधली काजळी रबराच्या कणात कैद असते. कणांच्या मधलं प्लॅस्टिक उघडंच राहतं. वरून घातलेली अमाइन वर्गातली प्रकाशरोधकंही अपेक्षेइतकी चालली नाहीत, कारण रबरातली गंधकाची संयुगं त्यांना निकामी करतात. मग पत्रा दोन थरांचा केला. वरचा पातळ थर पॉलिथिलीन आणि ईपीडीएम रबराचा, त्यात नीट पसरवलेली नवी काजळी, आणि एटीएच. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोन आणि ऊन त्याला सहजी तोडत नाहीत. गाड्यांच्या दारांची सीलं त्याचीच असतात. टायर खालच्या थरात गेला. दोन्ही थर एकाच डायमधून एकत्र काढतो, त्यामुळे ते सुटत नाहीत.

या वरच्या थराने पावसाच्या पाण्यात रसायनं उतरण्याचा प्रश्नही बराच सोडवला. टायरमध्ये झिंक ऑक्साइड असतं, तेलं असतात, आणि ओझोनपासून वाचवणारं ६पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यापासून तयार होणाऱ्या ६पीपीडी क्विनोनने कोहो सामन मासे मरतात हे २०२० मध्ये उघड झालं. पाण्यात काय उतरतं ते बघायची चाचणी अशी: एक भाग चुरा, दहा भाग पाणी, २४ तास हलवत ठेवायचं आणि पाणी तपासायचं. नुसत्या टायरच्या भुकटीच्या पाण्यात जस्त चांगलंच उतरतं. आमच्या दोन थरांच्या पत्र्याच्या पाण्यात ते पुष्कळ कमी, पण शून्य नाही. कापलेल्या कडा उघड्या राहतात, तिथून ते येतं. म्हणून आता कडा पट्टीने बंद करतो, आणि पत्र्यासोबतच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहितो की या छपराचं पावसाचं पाणी पिण्यासाठी साठवू नये. विक्री बघणाऱ्या सहकाऱ्यांना ही ओळ तळाशी हवी होती. ती वरच राहिली.

प्रसरणाचा हिशोब कागदावर सोपा, छपरावर डोकेदुखीचा. तीन मीटरचं साधं पॉलिथिलीन ४० अंशांच्या फरकात १८ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढतं. पोलाद तेवढ्याच फरकात दीड मिलिमीटरही नाही. खनिज भरल्यामुळे आमचा पत्रा बराच कमी वाढतो, तरी गोल भोकात स्क्रू आवळला की दुपारी पत्रा फुगून उठतो आणि भोकापासून चिरतो. लांबट भोकं, रुंद वॉशर, मधला एकच स्क्रू घट्ट आणि बाकीचे सरकू देणारे, अशी बसवण्याची पद्धत ठरवली. पत्रे बसवणाऱ्या कारागिराला सैल स्क्रू पटत नाही. त्याच्या हाताला आवळायची सवय असते. शेवटी आवळताच येणार नाही असा खांद्याचा स्क्रू दिला.

सगळ्यात शेवटी पूर्ण छपराची आग. उतरत्या सांगाड्यावर पत्रे बसवायचे, ताशी १९ किलोमीटरचा वारा सोडायचा आणि वर पेटत्या लाकडी जाळीचा ठोकळा ठेवायचा. सर्वांत कडक वर्गात हा ठोकळा ३०० मिलिमीटर चौरस, दोन किलोचा असतो. मधल्या वर्गात अर्धा किलोचा. सपाट भागावर मधल्या ठोकळ्याने पत्रा काळवंडला, खाली पेटला नाही. पण दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यात ठोकळा ठेवला तेव्हा वारा फटीतून आत ओढला गेला आणि ज्योत खालच्या बाजूला निघाली. एकट्या पट्टीच्या, तुकड्याच्या कुठल्याही चाचणीत हे दिसलं नसतं. सांध्यात आता फुगणाऱ्या ग्राफाइटची पट्टी असते. ती तापली की अनेक पट फुगून फट बुजवते. तिच्यासह मधला वर्ग मिळतो. कडक वर्गासाठी या पत्र्याखाली न जळणारा दुसरा पत्रा किंवा बोर्ड घालावा लागतो, आणि तसं आम्ही स्पष्ट सांगतो. धुराड्याला टेकून हा पत्रा बसवू देत नाही.

सध्या काम अडलंय ते आढ्याच्या तुकड्यावर. त्याचा बाक एवढा तीव्र आहे की खनिज भरलेलं मिश्रण साच्यात वळताना कोपऱ्यावर पातळ होतं, आणि पातळ झालं की तिथली आगीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून. साचा नव्याने कापायला दिलाय. त्या तुकड्यात टायर किती टक्के असेल हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. बहुतेक शून्य असेल.